संगणक संथ करण्याचा ठराव

माणसाचा विश्वास नेहमी जुन्या वस्तूवर असतो. नव्या वस्तूवर असते ती फक्त वॉरंटी. सुकापूरच्या वधूवर सूचक मंडळाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच १९९४ साली घेतलेला संगणक त्यांनी तीस वर्षं बदलला नाही. त्यात डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारा एकच प्रोग्राम होता. दोन पत्रिका भरायच्या, एंटर दाबायचं, की खर्रखर्र करत गुणांची चिठ्ठी बाहेर यायची. पंचक्रोशीत भटजींचा शब्द एकवेळ फिरे, चिठ्ठीचा नाही. (मोबाइलवर गुण जुळवलेल्यांना मंडळ 'पळून गेलेले' या सदरात धरी.)

हा संगणक श्रावणात वारला. नेमकी तेव्हाच स्नेहलची चिठ्ठी राहिली होती. तिचं नि विचुंब्याच्या प्रणितचं चार वर्षं जमलेलं, हॉलसुद्धा ठरलेला. पण तिची आई चंद्रावती अडून बसली. "चिठ्ठीबिगर नाय. अठराच्या खाली आले त पोरगी देनारच नाय!" स्नेहल मात्र मंडळाच्या कारकून आशालताबाईंसमोर रोज येऊन बसू लागली.

मंडळाने नवा संगणक आणला. त्यावर डॉस बसवायला नवीन पनवेलहून संगणकवाले इंद्रजीत आले. फ्लॉपी घालायला जागाच नव्हती, म्हणून सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं. संगणक डॉसला ओळख देईना, म्हणून सेटिंगमध्ये शिरून त्याला जुन्या वळणावर आणलं. हजार जीबीच्या डिस्कमधले डॉसला दोनच दिसले. (जागेवर हजार गुंठे, सातबारावर दोन, यात पनवेलकरांना नवल वाटलं नाही.)

शेवटची अडचण तात्त्विक होती. प्रोग्राम आधी यंत्राचा वेग मोजे, आणि तो वेग बघून जागीच मान टाकी.

"मॅडम, मशीन जास्त फास्ट आहे," इंद्रजीत आशालताबाईंना म्हणाले.

"मग हळू करा."

"नवीन आणून हळू करायचं?"

"त्यात काय? सुनांचं आम्ही तेच करतो."

तातडीची सभा भरली. 'नव्या संगणकाचा वेग शेकडा ९९.६ने कमी करण्यात यावा' हा ठराव एकमताने संमत झाला. (अनुमोदकांना डुलकी लागली होती, तिच्यात डुललेली मान होकार धरण्यात आली.)

प्रोग्राम चालू झाला. चाचणी म्हणून इंद्रजीतनी एकच जोडी दहादा भरली. गुण आले अकरा, एकोणतीस, चार... मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. प्रोग्राम पत्रिका वाचतच नव्हता! एंटर दाबताना जितके सेकंद, तितके गुण. छत्तीसच्या पुढे गेले की छत्तीस वजा.

"म्हणजे आमची चार हजार एकशे बारा लग्नं?"

"सेकंदांवर, मॅडम."

आशालताबाईंनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. (घटस्फोटांचं प्रमाण भटजींच्या जोड्यांइतकंच निघालं. त्यांनी तेही तपासलं.)

मंगळवारी चंद्रावती लेकीला घेऊन आली. बाईंनी पत्रिका भरल्या, चष्मा पुसला, पदर सारखा केला, पुन्हा चष्मा पुसला.

"बाय, दाब ना गो आता!"

"थांब गं, मुहूर्त बघतेय."

कोपऱ्यात बत्तीस झाले आणि बोट पडलं. (छत्तीस दिले असते तर संशय आला असता.) चंद्रावतीने चिठ्ठी डोळ्यांना लावली. "बघ, मशीन कधी खोटं बोलत नाय." स्नेहल रडली, आणि बाईंनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

ज्या वाचकांच्या चिठ्ठ्या याच मंडळाच्या आहेत, त्यांनी तक्रार घेऊन येऊ नये. तुमच्या वेळी घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. एका हातात चहाचा कप धरून बाईंनी दुसऱ्या हाताने एंटर दाबलं, आणि तुम्ही इतकी वर्षं ग्रहांना नावं ठेवताय.