मागच्या खोलीतला चहा

दाजी तिरोडकरांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. कॅलेंडर टेबलावर आडवं पसरलेलं असे, तारीख बघायची तर त्यावर वाकावं लागे. सदरा खुर्चीच्या पाठीवर, छत्री कोपऱ्यात आणि देवाची तसबीर स्टुलावर, तीही भिंतीपासून वीतभर पुढे. घर सरकारी होतं. "ह्यां सरकारचां आसा, आपलां नाय," असं दाजी म्हणत. देवालाही ते मान्य असावं, कारण तो बरीच वर्षं तसाच बसून होता.

मी पुण्याहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मालवणच्या बांधकाम कचेरीत रुजू झालो, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. घरी सगळ्यांची समजूत अशी की मी आता पूल बांधणार. वडिलांनी तर गावभर तसं सांगूनही टाकलं होतं. माझ्या वाट्याला मात्र आधीच बांधून झालेल्या गोष्टी आल्या. कचेऱ्या, शाळा, दवाखाने, रस्त्याखालच्या मोऱ्या आणि पावसाळ्यात वाहून न गेलेले ओढ्यांवरचे साकव. या सगळ्या जागच्या जागी राहतील एवढं बघायचं. वडील पत्रातून पूल कुठवर आला असं विचारत आणि मी इकडची हवा चांगली असल्याचं कळवत असे.

काम शिकायला मला दाजींच्या हवाली केलं होतं. दाजी ओव्हरसियर, पन्नाशी उलटलेले, एकटे. पहिल्याच दिवशी मी कचेरीच्या भिंतीला टेकून उभा होतो, तर त्यांनी मला सरळ उभं राहायला सांगितलं. एका माणसाच्या टेकण्याने भिंत पडत नाही, असं मी म्हणालो.

"सगळे एकेकटेच टेकतात," दाजी म्हणाले.

कचेरीत ते असं पुस्तकी मराठी बोलत. उंबरा ओलांडला की मालवणी सुरू. दारावरची पाटी अजून मुंबई राज्याची होती. मी त्यांना तसं दाखवलं, तेव्हा नवं राज्य झाल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण पाटीला अजून हुकूम आला नव्हता, असं कळलं.

त्यांच्याबरोबर फिरतीवर जाणं हा एक अनुभव होता. "शाळा कशी आसा?" असं ते तोंडवलीच्या मास्तरांना विचारत. मास्तर बिचारे मुलांबद्दल सांगायला लागत. दाजी वर कौलांकडे बघत थांबत आणि मास्तरांचं संपलं की तोच प्रश्न पुन्हा विचारत. एका लग्नात मी त्यांना नवरदेवाच्या वडिलांची चौकशी करताना ऐकलं. पावसाळ्यात ओल येते का, असं विचारत होते. मग लक्षात आलं, चौकशी घराची चालली होती.

रजा त्यांनी कधी घेतली नव्हती. सणासुदीला कचेरी बंद असली, तरी इमारत एकटी पडते म्हणून दुपारी एक फेरी मारून येत.

धामापूरच्या तलावापासून थोडं आत खात्याचा एक विश्राम बंगला होता. तिथे मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा दाजींनी प्रत्येक दार उघडून मिटून पाहिलं, खिडक्यांच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या. मागे रखवालदाराची खोली होती. रखवालदार वारल्यावर ती जागा पुन्हा भरलीच नव्हती. पण खोलीतून धूर येत होता आणि दाराशी अबोलीची रोपं होती. मी दाजींना म्हटलं, इथे कोणीतरी राहतंय.

"माका कोण दिसना नाय," दाजी म्हणाले.

एवढ्यात पांढऱ्या केसांची एक बाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. दाजींनी तिच्या हातातून कप घेतला, एक घोट घेतला आणि छपराच्या वाशांकडे बघत साखर जरा कमी झाल्याचं सांगितलं. बाईने खांबाला सांगितलं की साखर संपत आली आहे. पुढच्या खेपेला दाजींच्या पिशवीत साखरेची पुडी होती. ती ते ओट्यावर ठेवून तलावाकडे बघायला गेले.

बाईचं नाव सावित्री. रखवालदाराची बायको. नवरा गेल्यावर तिला जायला कुठलंच घर नव्हतं, म्हणून राहिली. रोज बंगला झाडायची, तुळशीला पाणी घालायची. सरकारी भिंतीला पाठ लावली तर अस्वस्थ होणारा माणूस अख्खी बाई बघायला तयार नव्हता. आणि हे असं बरीच वर्षं चाललं होतं.

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब न कळवता बंगल्यावर आले. आम्ही तिथेच होतो. साहेब व्हरांड्यात बसले, कागद मागितले. सावित्रीबाईला दिसायची सवय राहिली नव्हती. ती नेहमीसारखी चहा घेऊन बाहेर आली, एक कप जास्त. दाजींनी सवयीने कप घेतला आणि तो हातात तसाच राहिला.

साहेबांनी ही कोण, म्हणून विचारलं. बाई दाराला धरून उभी राहिली. घुसून राहिली आहे, आज काढतो, एवढं बोलले असते तर दाजी मोकळे होते. त्यांची बढती त्याच साहेबांच्या टेबलावर होती. हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

"साहेब, ही माझी बहीण," दाजी म्हणाले. "मीच ठेवली आहे."

साहेब बराच वेळ बोलले. सरकारी जागेत नातेवाईक घुसवणारी माणसं खात्याला कशी बुडवतात, असा एकूण सूर होता. दाजी भिंतीपासून वीतभर पुढे, सरळ उभे राहून ऐकत होते. खोली आठवड्यात रिकामी करायचा हुकूम झाला. बढती गेली, वर सेवापुस्तकात ठपका आला. सावित्रीबाई अबोलीच्या रोपांसकट दाजींच्या बिऱ्हाडी आल्या.

साहेब आले त्या दिवशी परत येताना एस.टी.त मी विचारलं, तुम्हाला सख्खी बहीण आहे का. दाजी खिडकीबाहेर बघत होते.

"नाय. कोणच नाय," ते म्हणाले. "सायबांनी इचारल्यार तोंडात पयलां तांच इलां."

त्या दिवाळीत मला घरी जायला मिळालं नाही. भाऊबीजेच्या दुपारी करमेना, म्हणून कचेरीच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. दाजी नेहमीपेक्षा बरेच उशिरा आले. नवा सदरा होता, आणि कपाळावर कुंकवाचा लांबट टिळा, त्यावर तांदळाचे दाणे. उन्हातून चालत आल्यामुळे घामाघूम झाले होते. त्यांनी रुमाल काढला, मान पुसली, गाल पुसले, नाकाच्या शेंड्यापर्यंत आले आणि तिथून रुमाल पुन्हा खाली नेला. कपाळाला हात लावला नाही.