वाटीभर साखर

मिलिंद कोणालाही पहिल्यांदा भेटला की नमस्कार करतो आणि लगेच विचारतो, ‘‘तुमच्यात उवेला काय म्हणतात?’’ माझ्या सासूबाई नागपूरहून इथे परदेशात, टार्निटच्या आमच्या घरी आल्या, त्या दिवशी त्यांनाही विचारलं. बिचाऱ्यांचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

हा आमचा शेजारी. एकटा राहतो, ट्रेनने युनिला, म्हणजे विद्यापीठात जातो आणि पापुआ न्यू गिनीतल्या एका नदीकाठच्या चार भाषांचा अभ्यास करतो. त्यातल्या तिघी सख्ख्या बहिणी. चौथी त्यांच्यातली की नुसती शेजारीण, या प्रश्नाने त्याची झोप उडवली आहे. ऊ, दात, पाणी हे शब्द म्हणे सहसा कोणी दुसऱ्याकडून घेत नाही; ते जुळले तर नातं खरं. त्याच्या भिंतीवर या घराण्याचा वंशवृक्ष आहे. जिथे खात्री नसते तिथे तुटक रेघ काढतात, पण चौथीला तो तीही द्यायला तयार नव्हता.

‘‘अरे, एवढे शब्द सारखे आहेत ना? घे की तिला घरात,’’ मी म्हटलं.

‘‘उसने आहेत गं ते! शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर आणली म्हणून कोणी त्या घरातलं होतं का?’’

हे बोलताना त्याच्या हातात आमचीच साखर होती. दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तो वाटी घेऊन यायचा, चौथीची कैफियत मांडायचा, सासूबाई देतील ते खायचा आणि जायचा.

‘‘एवढ्या साखरेचं करतो काय हा?’’ सासूबाई म्हणायच्या.

‘‘ही मस्ट हॅव पेट अँट्स, आजी,’’ आमची मुलगी म्हणायची.

मग एकदा तो तापाने पडला. मी मऊ भात घेऊन गेले आणि त्याच्यासाठी चहा टाकला. आतून आवाज आला, ‘‘साखर नको हं. मी कधीच घेत नाही.’’

मी कपाट उघडलं. बरण्यांमागे बरण्या, सगळ्या आमच्या साखरेने भरलेल्या. मला एकदम भरून आलं. कपाट हळूच लावून मी चहा गाळला.

शनिवारी स्वारी वाटी घेऊन दारात हजर.

‘‘साखर मिळणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आणि यापुढे हात हलवत यायचं. ताट वाढलंय.’’

तो वाटीकडे बघत उभा राहिला. मग बूट काढून आत आला. ताटावर बसून वरणभात कालवू लागला.

‘‘चौथीचं काय केलंस?’’ मी विचारलं.

‘‘घेतली घरात,’’ तो मान वर न करता म्हणाला. ‘‘सध्या तुटक रेघेने.’’

‘‘रेघ राहू दे रे,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘भात घे.’’