एकोणसत्तर जीबीची घट

निपाणी भागातल्या एका सरकारी कचेरीत एक टीबीची हार्ड डिस्क आली. भांडार सांभाळणाऱ्या कारकून सुविधाने साठा नोंदवहीत 'एक हजार जीबी, सुस्थितीत' अशी नोंद केली. सात महिन्यांनी तपासणी झाली. डिस्क संगणकाला जोडली, तर नऊशे एकतीसच जीबी निघाले. एकोणसत्तर जीबी गहाळ केल्याची नोटीस सुविधाला रीतसर बजावण्यात आली.

नेमकी त्याच आठवड्यात तिची बेळगावला बदली झाली होती. तिची दोन वर्षांची लेक बेळगावजवळच्या पिरनवाडीला आजीकडे वाढत होती आणि आईलाच मावशी म्हणू लागली होती. भांडाराचा निर्दोष दाखला शनिवारपर्यंत मिळाला नाही, तर बदली रद्द होणार होती.

चौकशी नागोजी साहेबांकडे आली. नोकरीत येण्याआधी साहेब बारा वर्षे तंबाखूच्या वखारीत होते, त्यामुळे तूट दिसली की त्यांच्या अंगात वारे संचारे. पहिल्या दिवशी कपाटाचा पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी कपाटाखाली झाडू मारून पाहिला. एक झुरळ सापडले, त्याची स्वतंत्र नोंद झाली. तिसऱ्या दिवशी संगणक चालवणाऱ्या ओमकारला बोलावण्यात आले.

"साहेब, काय बी हरवलं न्हाय," ओमकार म्हणाला. "कंपनी मोजत्या हजाराच्या पटीत आन् कॉम्प्युटर मोजतोय एक हजार चोवीसच्या पटीत. जागा तेवढीच हाय, मापं दोन हायत."

"दोन मापं ठेवणं गुन्हा हाय, म्हाईत हाय न्हवं?"

"व्हय. पन ती कंपनीनं..."

"कंपनी आपल्या हद्दीत येत न्हाय. बाई येत्यात."

सुविधाला संताप आला. पण संताप तिला परवडणारा नव्हता, म्हणून ती रडली. "साहेब, मी त्यातला एक जीबी बी खाल्ला न्हाय ओ! परवा शनिवार हाय."

साहेबांना दया आली. त्यांनी डिस्क तळहातावर तोलली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उजळला. "कपाट पत्र्याचं. मधी उन्हाळा गेला. बाई, माल वाळलाय! वखारीत आमी घट धरतोयच की."

ओमकारने तोंड उघडले. सुविधाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

'उष्णतेमुळे वाळून सहा पूर्णांक नऊ टक्के घट, मान्य' या ओळीखाली तिने सही केली, दाखला घेतला आणि शनिवारी पिरनवाडी गाठली. लेक तिला आई म्हणायला शिकली.

निकाल वर गेला आणि वरच्यांना तो फारच आवडला. सुविधाची सही नमुन्यादाखल जोडून परिपत्रक निघाले: ही घट यापुढे सर्व सरकारी मालाला लागू. कोगनोळीकडचा दहा किलोमीटरचा नवा रस्ता नऊ किलोमीटर तीनशे दहा मीटरच भरला. ठेकेदाराने उन्हाकडे बोट दाखवले, बिल मंजूर झाले. रेशनला पंधरा किलोऐवजी चौदाला पस्तीस ग्रॅम कमी तांदूळ मिळाला, तेव्हा सुविधा दुकानदाराशी कडाकडा भांडली. त्याने शांतपणे परिपत्रक पुढे केले.

"आक्का, खाली सही तुमचीच न्हवं?"

सुविधाचे चुकलेच, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. फक्त आधी खिशातला मोबाईल काढून बघा. खोक्यावर दोनशे छप्पन्न जीबी लिहिलेले असेल आणि आत भलताच आकडा. घेताना तुम्ही दुकानदाराला त्याबद्दल काय विचारले होते? कव्हर फुकट आहे का.