रॅमचा कातरलेला कान

दर रविवारी सकाळी दहाला आसाराम अंघोळ करून, पटका बांधून कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि पाचव्या मिनिटाला धनश्रीचा चेहरा पडद्यावर अडकायचा.

कॉम्प्युटर धनश्रीच्याच कॉलेजच्या वेळचा. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तो धारूरला बापापाशी राहिला. त्याची बायको रतनबाई त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. गुडघ्यांनी रान सोडायला लावलं म्हणून मेंढ्याही विकल्या होत्या. आसारामचा फोन बटणांचा, त्यात लेक दिसत नाही. तेव्हा माणसाचं तोंड बघून बोलायचं म्हणजे आठवड्यातून एकदा हा पडदा, आणि तोही धापा टाकणारा.

तासाभराच्या कॉलमध्ये खरं बोलणं दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ “आबा, दिसतंय का?”, “दिसतंय. तुला?” यात जायचा. चेहरा अडकला की आसाराम त्याच्याशी मनातलं बोलून घ्यायचा. “तुझी माय गेल्यापून घर खायला उठतंय,” असं तो त्या थिजलेल्या चेहऱ्याला सांगायचा. चेहरा हलू लागला की लगेच म्हणायचा, “मी मजेत हाय. भाकर खाल्ली.”

एका रविवारी धनश्रीनंच निदान केलं. “आबा, नेट चांगलं हाय. कॉम्प्युटरलाच मेमरी पुरत न्हाई. मी नवी रॅम पाठविते, लई फास्ट. जुनीच्या शेजारी मोकळी फट हाय, तिच्यात दाबून बसवा फक्त.”

शनिवारी कुरिअर आलं. बोटभर रुंद हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात आणि दातांच्या मध्ये एक खाच. आसारामनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, फुंकर मारून धूळ उडवली. फटीत एक बारीकसा उंचवटा होता आणि पट्टीची खाच त्यावर बसायला हवी, एवढं त्याला कळलं. पण उंचवटा एकीकडे आणि खाच दुसरीकडे.

दुसऱ्या कुणी इथं लेकीला फोन लावला असता. आसारामची हयात मेंढरांत गेली होती. कुणाचं मेंढरू कुणाचं, हे कानाच्या खाचेवरून कळतं. विकत आणलेल्या मेंढराच्या कानावर आधीच्या मालकाची खूण असते, नवा मालक आपल्या जागी आपली खूण करतो. पट्टी पुण्याहून आली होती, तिच्यावर पुण्याची खूण होती. यात अडायचं काय? त्यानं लोखंड कापायचं पातं काढलं आणि उंचवट्याच्या मापानं सोनेरी दातांत दुसरी खाच पाडली. मेंढरू तडफडतं तरी, पट्टी बिचारी गप्प बसली. मग अंगठ्यांनी रेटून त्यानं ती फटीत घातली.

पडदा काळाच राहिला. डब्यातून मात्र तीन लांब शिट्ट्या आल्या, थांबल्या, पुन्हा आल्या. उद्या रविवार होता. एक रविवार चुकला की लेकीचं तोंड मागच्या रविवारपासून चौदाव्या दिवशी दिसणार. त्यानं डबा घोंगडीत बांधून पाठीला लावला आणि गुडघ्यांना न विचारता तानाजीचं दुरुस्तीचं दुकान गाठलं.

तानाजीनं पट्टी उपसून उजेडात धरली. “मामा, हिला काय झालं?”

“खूण चुकीच्या जागी होती. मी बराबर केली.”

तानाजी खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “मामा, ही हाय डीडीआर फोर, चौथ्या पिढीची. तुमचा बोर्ड तीनचा. चुकून कुणी घालू नये म्हणून तर कंपनीनं खाच सरकविली.”

“मंग तसं सांगावं की माणसानं.”

“खाच पाडून सांगितलंच हाय की.”

तानाजीनं एका मेलेल्या कॉम्प्युटरातून जुळणारी पट्टी काढून बसवली. “ही सोळाशेच्या वेगाची हाय, तुमची जुनी तेराशे तेहतीसची. दोघी मिळून जुनीच्याच चालीनं चालतेल.”

“चालायचंच,” आसाराम म्हणाला. “कळप लंगड्या मेंढीच्याच चालीनं न्यावा लागतो.”

“पण जागा वाढली. आता अडकायचं न्हाई बघा.”

आणि खरंच अडकलं नाही. रविवारी धनश्री इतकी लख्ख दिसली की तिच्या डोळ्यांखालचं काळंही दिसलं. जेवलात का, जेवलो. गुडघे कसे हायेत, बरे हायेत. काम कसं हाय, चाललंय. मग दोघं एकमेकांकडे बघत बसली. मध्ये काही अडकत नव्हतं, त्यामुळे बोलायलाही काही उरलं नव्हतं.

“ठेवू का मंग आबा?”

“ठेव.”

सगळं सहा मिनिटांत आटोपलं. उरलेला रविवार आसारामनं पटका न सोडता तिथंच बसून काढला. त्याला फार एकटं वाटलं.

सोमवारी तो पुन्हा तानाजीकडे गेला. “ती पट्टी काढ. पयल्यासारखं हळू कर.”

“मामा, हळू करून मागणारं गिऱ्हाईक मी अजून बघितलं न्हाई,” तानाजी म्हणाला. “तुमची लेक माझ्यावर वरडंल. जावा घरी.”

पुढच्या रविवारी पाचव्या मिनिटाला, “ठेवू का” येणार असं दिसताच, आसाराम स्वतःच अडकला. तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत, डोळे ताठ. रानात लांडग्याची वाट बघत तो रात्र रात्र असा बसलेला होता.

“आबा? अडकलं वाटतं,” धनश्री म्हणाली. तिनं कॉल मात्र कापला नाही. हनुवटीखाली हात घेऊन ती बापाच्या थिजलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच बोलू लागली.

“आबा, इथं मला करमत न्हाई. खोलीवर आलं की कुणाशी बोलावं कळत न्हाई. तुमच्या म्होरं मजेत हाय म्हणते. अडकल्यावरच खरं सांगता येतंय.”

तेवढ्यात एक माशी आली, नाकावर बसली आणि शेंड्यापासून भुवयांपर्यंत निवांत चालत गेली. त्यानं पापणी हलू दिली नाही, पण डोळ्यातलं पाणी काही ऐकेना. ते गालावरून खाली आलं.

धनश्री पडद्याजवळ सरकली. तिनं माशी बघितली, पाणी बघितलं.

“आबा,” ती म्हणाली, “तुमी अडकलाव, मंग माशी कशी चालायली?”

“आजून अडकलंय,” आसाराम ओठ न हलवता म्हणाला. “तू बोल.”