मेमरीचं लाल चिलखत

कॉम्प्युटर दुरुस्त करायला मला कुणाची गरज लागत नाही. हे मी घरात इतक्या वेळा ऐकवलं आहे, की हल्ली कॉम्प्युटर बिघडला तर घरचे मला कळूच देत नाहीत!

त्या दुपारी कळलं, कारण लेकीने किंकाळीच फोडली. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे, एका दवाखान्याच्या इमारतीचे नकाशे संध्याकाळी सहापर्यंत कॉलेजला पाठवायचे होते आणि कॉम्प्युटर घडीघडी मान टाकत होता. मी टेबलाखालच्या कपाटात हात घातला. आतला कॉम्प्युटरचा डबा तव्यासारखा तापला होता.

"मेमरी तापतेय!" मी निदान केलं.

"बाबा, तू हात लावू नकोस. प्लीज!"

"तू नकाशे बघ. गार करायचं माझ्यावर सोड!"

मी तडक दुकान गाठलं आणि हीट स्प्रेडर मागितले. म्हणजे मेमरीच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटवायचे ॲल्युमिनियमचे पत्रे.

"काळे देऊ की लाल?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"लाल जास्त गार ठेवतात."

इतकी धडधडीत थाप मारणाऱ्या माणसाचा खरं तर राग यायला हवा. मी लाल घेतले आणि वर त्याचे आभार मानले.

घरी येऊन डबा बाहेर काढून उघडला आणि मेमरीच्या दोनपैकी एका पट्टीला पत्रे चिकटवले. काय रुबाब! लढाईला निघालेला सरदारच! फक्त सरदार जागेवर बसेना. पत्र्याची कड शेजारच्या पंख्याला अडत होती. बरं, काढावेत तर पत्रे निघेनात. पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ऊब दिल्यास गोंद सैल होतो. मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर उचलला.

नेमकी तेव्हाच बायको आत आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"मेमरी गार करतोय."

तिने ड्रायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "गरम हवेने?"

"तापवली की पत्रा निघेल."

"पत्रा लावलात कशाला?"

"ती तापू नये म्हणून!"

असल्या संभाषणात नवऱ्याने थांबायचं असतं. मी चिडून पत्रा ओढला. निघाला! पट्टीवरच्या दोन काळ्या चिपाही निघाल्या, गोंदाला चिकटून.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुकाट्याने उरलेली एकच पट्टी बसवली. वायरी कपाटाच्या मागच्या भोकातून ओवलेल्या होत्या, म्हणून डबा पुन्हा कपाटात सरकवला. दार खट्कन मिटलं.

"थांबा," बायको म्हणाली. "हा डबा दार लावून ठेवता? त्याला हवा कुठून मिळणार?"

तिने दार उघडलं. आतली कोंडलेली वाफ माझ्या तोंडावर आली.

कॉम्प्युटर सुरू झाला. अर्ध्या मेमरीवर रखडत का होईना, पण चालत राहिला. मान टाकली नाही! प्रश्न एकच होता, दार उघडं राहीना. पुस्तकांचा गठ्ठा लावला, तो ढकलून मिटलं. स्टूल लावलं, तेही सरकलं.

"असली स्प्रिंग कोण लावतं?" लेक वैतागली.

धूळ जाऊ नये म्हणून आपोआप मिटणारं दार, तेही दणकट स्प्रिंगचं! सुतार नको नको म्हणत असताना मीच हट्टाने करून घेतलं होतं.

शेवटी मी फरशीवर बसलो आणि दार पायाने रेटून धरलं. पायाला मुंग्या आल्या. "पाय हलवू नकोस!" वरून हुकूम सुटत होते. सहाला थोडा अवकाश असताना नकाशे गेले. लेकीने लगेच मैत्रिणीला फोन लावला.

"गेले गं बाई एकदाचे! छे, बाबा कुठला दुरुस्त करतोय? तो दार धरून बसलाय."

कपाटातली गरम हवा अजून माझ्या तोंडावर येत होती. मी हीट स्प्रेडरचं रिकामं पाकीट उचललं आणि स्वतःला वारा घालत बसलो. पाकीटही लालच होतं. दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता!