चौदा बेडूक आणि एक फिरती खुर्ची

तुम्हाला म्हणून सांगतो, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत मी ओळखतो, त्याच्या पिशवीत काय आहे ते! सुटे कागद असतील तर माणूस सरळ चालत येतो. पुस्तक असेल तर जरा रेंगाळतो. आणि अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स हवी असेल, तर आधी समोरच्या दुकानात जाऊन उगाच एक पेन बघून येतो. तीन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात काढली आहेत मी, गंमत नाही!

आता खरं सांगायचं तर ही तीन वर्षं मी दुकानाच्या मागच्या भागात, बाइंडिंगच्या टेबलाशी काढली. भोकं पाडायची, स्प्रिंग ओवायची, कडा कापायच्या. पुढे काउंटरवर एक फिरती खुर्ची आहे आणि त्या खुर्चीवर माझ्या सासूबाई. दुकान त्यांचं. नुसती टाच टेकवून त्या गर्रकन वळतात, एका हाताने मशीनचं झाकण उघडतात, दुसऱ्या हाताने कागद लावतात आणि तिसऱ्याने... तिसरा हात त्यांना नाही, पण मला तो नेहमी असल्यासारखा वाटतो. ती खुर्ची म्हणजे माझं स्वप्न. हसू नका! कुणाला बंगला हवा असतो, मला ती खुर्ची हवी होती.

तर झालं काय, की आम्हाला एका प्रकाशकाची नोटीस आली. त्यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकाची अख्खी प्रत आमच्या दुकानात निघाली होती. पुन्हा असं आढळलं तर मशीन जप्त आणि दुकानाला कुलूप! त्यांचा माणूस साध्या वेशात कधीही तपासणीला येईल, असंही लिहिलं होतं. शेवटी एक वाक्य होतं, 'सदर बेकायदेशीर प्रतीचे बाइंडिंग मूळ पुस्तकापेक्षा मजबूत आहे.' ते वाचून मला जरा बरं वाटलं. सासूबाईंना वाटलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांना गुडघा दाखवायला माझ्या मेव्हणीकडे जावं लागलं. निघताना किल्ल्या माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "जावईबापू, एक आठवडा. पुस्तकाची नक्कल या दुकानात होता कामा नये. एकसुद्धा! हे जमलं, तर मी आल्यावर ती खुर्ची तुमची."

"आणि नाही जमलं तर, आई?"

"तर मशीन जाईल, दुकान जाईल, आणि मी कायमची तुमच्याकडे राहायला येईन."

मी तिथल्या तिथे शपथ घेतली.

पहिलं काम केलं ते पाटी लावायचं. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नक्कल म्हणजे चोरी! पुस्तकाची प्रत मागून लाजवू नये.' पण नुसत्या अक्षरांना वजन येईना. चित्र हवं! घरी मुलीजवळ एक जुनं गोष्टीचं पुस्तक होतं, बायकोच्या लहानपणचं. त्याचं कव्हर कधीच गळून पडलेलं. त्यात एक बेडूक होता. काय रुबाब त्याचा! डोळ्यांवर चष्मा, चष्म्याला एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला दोरा, आणि एक बोट वर केलेलं. अगदी शाळातपासनीस! मी पुस्तक मशीनवर उघडं ठेवलं, दुप्पट मोठं केलं आणि बटण दाबलं. सवयीचा हात हो! आमच्या धंद्यात झाकण उघडं दिसलं की माणूस खाली काहीतरी ठेवतोच.

डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, पण ही पण नक्कलच झाली ना?"

"अगं, हे चित्र आहे! पुस्तक थोडंच आहे?"

तिने कपाळावर हात मारला आणि डबा ठेवून निघून गेली. रंगीत शाई महाग म्हणून प्रत काळीच काढली होती, आणि हिरवं स्केचपेन वाळलेलं होतं, म्हणून मी बेडूक निळा रंगवला.

पाटी अशी काही उठून दिसली की विचारू नका! येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. शेजारच्या औषधवाल्यांनी एक मागून घेतली. मग शिंप्याने, मग केशकर्तनालयवाल्याने. "तुमच्याकडे कोण कशाची नक्कल करणार?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "पाटीचं जाऊ द्या, बेडूक छान आहे!" बघता बघता बसस्टॉपपासून आमच्या पायरीपर्यंत बेडूकच बेडूक झाले. कुणी विचारलं चित्र कुठलं, तर मी आपला म्हणायचो, "घरचंच आहे." खोटं नव्हतं. पुस्तक घरचंच होतं!

मग मी खुर्चीवर बसलो आणि तपासणीच्या माणसाची वाट बघू लागलो. अडचण एवढीच, की साध्या वेशात म्हटल्यावर प्रत्येक जण तोच वाटायला लागला.

आधी हॉस्टेलमधली एक मुलगी जाडं पुस्तक घेऊन आली. "काका, फक्त एवढाच भाग हवाय."

"कुठून कुठपर्यंत?"

"मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत."

मी नुसतं बोट वर करून बेडकाकडे दाखवलं. ती गेली. तासाभराने दुसरी आली, तिला पहिली शंभर पानं हवी होती. तिच्यामागोमाग तिसरी, तिला पुढची शंभर. पण दोघींच्या पुस्तकात कोपऱ्यावर चहाचा तोच डाग! मी दोघींना हाकललं. चौथी दाराबाहेरूनच वळली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं.

दुसऱ्या दिवशी एक नवरदेव आला. लग्नाचा फोटो घेऊन. मी फोटो उलटा केला. मागे शिक्का, 'सर्व हक्क स्टुडिओकडे'.

"नाही जमणार," मी म्हटलं.

"अहो, पण यातला नवरा मीच आहे!"

"चेहरा तुमचा, फोटो त्यांचा."

"मग बायको कुणाची?"

"ते मी कसं सांगू? तुमचं तुम्ही बघा!"

तो जो भडकला! पाचव्या दिवशी औषधवाले एक प्रिस्क्रिप्शन घेऊन आले. मी विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"डॉक्टरांनी."

"मग लेखक ते झाले. त्यांची लेखी परवानगी आणा."

औषधवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कुठलं औषध द्यावं हेच ठरवतायत. मग पायरी उतरता उतरता खिशातून फोन काढताना मला दिसले. मला वाटलं, डॉक्टरांना करतायत. मी मशीनवरून हात फिरवला. गार पडलं होतं बिचारं. पण नक्कल? एक नाही! दोनच दिवस उरले होते. खुर्ची माझी होती!

सहाव्या दिवशी दुपारी एक आजी आल्या. लहानखुऱ्या, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर हसू. पिशवीतून त्यांनी खाकी कव्हर घातलेलं एक पातळ पुस्तक काढलं आणि छातीशी धरलं.

"याची एक प्रत हवी होती. पूर्ण. रंगीत."

हाच तो! म्हणजे हीच ती! इतकं उघड उघड कोण मागतं? मी रुबाबात वळायला म्हणून टाच मारली. जरा जोरात बसली. खुर्ची पूर्ण एक फेरी मारून पुढे गेली आणि माझं तोंड भिंतीकडे आलं. तसाच भिंतीशी बोललो, "आजी, पाटी वाचलीत का?"

"वाचली ना. फार गोड आहे. पण हे पुस्तक माझंच आहे हो."

"पुस्तक तुमचं असेल, लिहिलंय दुसऱ्याने."

"लिहिलंयही मीच. चित्रंसुद्धा माझीच."

"आजी," मी भिंतीकडून परत येत म्हटलं, "सगळे हेच म्हणतात. काल एक जण शब्दकोश स्वतः लिहिलाय म्हणत होता!"

त्या रागावल्या नाहीत. काउंटरला टेकून शांतपणे सांगायला लागल्या. पुस्तक काढणारा प्रकाशक केव्हाच बंद पडला, हक्क त्यांच्याकडे परत आले. आता एक नवी प्रकाशिका पुस्तक पुन्हा काढायला तयार आहे, पण पानं आज संध्याकाळच्या कुरियरने निघाली पाहिजेत. नाहीतर या वर्षी ते राहिलं. "आणि माझ्याकडे उरलीय ही एकच प्रत. हिच्या समासात आमच्या ह्यांनी पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय. ते आता नाहीत. ही प्रत कुरियरात टाकायला माझा हात होत नाही हो."

खरं सांगतो, माझा हात मशीनच्या झाकणाकडे गेलाच होता. पण लगेच वाटलं, तपासणीची माणसं अशीच तयारीने येत असणार! मी बोट वर केलं. डोक्यावर बेडकाचं बोट, खाली माझं. "आजी, परक्याच्या कष्टावर डल्ला मारायचा नाही! एकेका चित्रामागे कलाकार रात्रीचा दिवस करतो!"

"अगदी खरं," आजी म्हणाल्या. "हा बेडूक कुणी काढला?"

आता 'घरचंच आहे' म्हणायला काय झालं होतं? पण आठवडाभर कौतुक ऐकून ऐकून जीभ सैल झाली होती.

"मीच!" मी म्हणालो.

"अगंबाई! मग त्याच्या चष्म्याला एका बाजूला दोरा का हो?"

"तो... वाचून वाचून! काडी झिजली!"

आजी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी काउंटरवरचा एक रद्दी कागद ओढला, माझ्या कानावरचं पेन काढून घेतलं आणि सहा रेघा मारल्या. सहाच! कागदावर बेडूक उभा. चष्मा, काडी, दोरा, वर केलेलं बोट. मी कागद बघितला. पाटी बघितली. मग त्यांनी खाकी कव्हरमधलं पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. पान नववं. हिरवा बेडूक माझ्याकडे रोखून बघत होता.

"आमच्या ह्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती," आजी म्हणाल्या. "वर्षभर दोरा बांधूनच फिरले. बोटही असंच वर करायचे."

माझी तर बोबडीच वळली! तोंडातून "ब... ब..." एवढंच निघालं. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"चित्र कुणी काढलं म्हणालात, जावईबापू?"

सासूबाई! एका हातात बॅग, गुडघ्याला पट्टा! औषधवाल्यांनी फोन कुणाला केला होता, ते मला आत्ता कळलं.

"आई! गुडघा कसा आहे?"

"गुडघा ठणठणीत आहे. तुमचं डोकं दाखवायला हवं होतं." त्या आत आल्या. "एक नक्कल करू नका म्हटलं होतं. तुम्ही रस्ताभर टांगल्यात! वर त्यावर ठसठशीत 'चोरी' असंही लिहिलंत, म्हणजे तपासणीवाल्याला शोधायचा त्रास नको!"

"चौदा आहेत," आजी म्हणाल्या. "बसमधून उतरल्यापासून मोजत आलेय मी."

झालं! मशीन गेलं, दुकान गेलं, सासूबाई कायमच्या आल्या! मी हात जोडले. "आजी, चुकलो. मला काय ती शिक्षा करा, पण दुकान वाचवा!"

"अहो, शिक्षा कसली?" आजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "मला वाटलं होतं, माझ्या बेडकाला सगळे विसरले. आज उतरले तर औषधवाल्याकडे हा! शिंप्याकडे हा! केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी हा! इतका आनंद मला पुस्तक पहिल्यांदा छापलं तेव्हाही झाला नव्हता. राहू देत पाट्या. फक्त खाली माझं नाव घाला. आणि त्याला हिरवा करा बाई, बेडूक कुठे निळा असतो?"

सासूबाईंनी मला नुसतं डोळ्यांनी उठवलं. खुर्चीवर बसल्या, टाच टेकवली, गर्रकन वळल्या आणि पुस्तक मशीनवर असं अलगद ठेवलं, जसं तान्हं बाळ पाळण्यात ठेवतात. पेन्सिलीतलं अक्षरसुद्धा स्वच्छ उमटलं. मी आतून माझं सगळ्यात मजबूत बाइंडिंग करून दिलं. कुरियर गाठलं, चहा झाला, आणि नंतर दोन दिवस मी बाइंडिंगच्या टेबलाशी बसून चौदा बेडूक हिरवे करत होतो.

परवा ते पुस्तक नव्याने छापून आलं. आजींनी माझ्या मुलीला एक प्रत सहीनिशी पाठवली. शेवटी एक नवीन गोष्ट घातली आहे. बेडूक एका दुकानात जातो, आणि तिथे एक लांब मानेचा बगळा, कानावर पेन अडकवलेलं, एक बोट वर करून त्यालाच उपदेश करतोय!

मुलगी एका क्षणात ओरडली, "बाबा, हा तू आहेस!"

बायको इतकी हसली की तिला उचकी लागली. मी मात्र ते चित्र नीट निरखून पाहिलं आणि मला खरंच भरून आलं. म्हटलं, याची एक मोठी प्रत काढून बाइंडिंगच्या टेबलावर चिकटवू. पुस्तक घेऊन काउंटरवर गेलो. सासूबाईंनी फक्त बोट वर केलं.

शेवटी समोरच्या दुकानातून आणखी एक पुस्तक विकत आणलं आणि तेच एकतिसाव्या पानावर उघडं ठेवलंय टेबलावर. स्प्रिंग ओवता ओवता बघत असतो मी. कारण त्या पानावर बगळा फिरत्या खुर्चीवर बसलाय!