चौदा बरण्या आणि मोरपंखी झिलई

"माझा रंग चोरणारा अजून जन्माला यायचाय!" असं तो छाती फुगवून सांगायचा.

चिनीमातीची भांडी घडवणाऱ्या त्या कारागिराची मोरपंखी झिलई लांबलांब गाजली होती. बशी उन्हात धरली की हिरव्यातून निळं डोकावायचं! ते कसं साधतं, हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बंदोबस्तच तसा! झिलईच्या भुकट्यांची पोती त्याने एकदाच आणली आणि पावत्या भट्टीत टाकल्या. चौदा सारख्या बरण्या, सगळ्यांत पांढरट भुकट्या, एकीवरही चिठ्ठी नाही. त्यातल्या नऊ तर नुसत्या चोराला फसवायला! वहीत एवढंच, 'वरची फळी, डावीकडून तिसरी, दोन चमचे.' नावं डोक्यात राहिली तर झोपेत बडबडेन, म्हणून तीही त्याने नेटाने विसरून टाकली.

त्याची थोरली बहीण त्याच्याच कारखान्यात चाकावर भांडी घडवायची. "अरे, निदान एकाला तरी सांगून ठेव," ती म्हणायची. "उद्या तुला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीय?"

एकदा ती फडकं घ्यायला फळीपाशी गेली मात्र, हा कडाडला, "ताई, तू बरण्या बघत होतीस!" अकरा वर्षं राबलेल्या बहिणीला त्याने त्याच दिवशी घरी बसवलं. दोन वर्षं ती पुन्हा तिकडे फिरकली नाही.

मग त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. महिनाभराने दवाखान्यातून परतला, तर कारखाना आरशासारखा लख्ख!

"अहो, बघा तरी!" बायको हरखून म्हणाली. "सगळ्या बरण्या घासल्या. अर्ध्यामुर्ध्या होत्या त्या एकात ओतल्या. सारख्याच तर होत्या!"

तो मटकन खाली बसला. टाक्यांची जागा ओढली गेली तेही त्याला कळलं नाही.

पुढचे चार महिने तो भट्टीला चिकटून होता. साठ बशा जाळल्या. एक शेणासारखी निघाली, एक जुन्या जखमेसारखी. मोर राहू दे, भिजलेला कावळाही उतरेना! कायमचं गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलवाल्याने काम काढून घेतलं. कारखान्यातले दोन कामगारही मान खाली घालून निघून गेले.

शेवटी तो बहिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, खरं सांग. तू बघितलं होतंस ना?"

आपण केलेला आरोप खरा निघावा म्हणून त्याने मनातल्या मनात देवाला हात जोडले होते.

"नाही रे," ती म्हणाली. "तू नको म्हणालास, मी कधी तिकडे मान वळवली नाही."

त्याला रडू फुटलं. तिने चपला पायात सरकवल्या.

कारखान्यात येऊन तिने कोरी वही उघडली, नव्याने आणलेल्या पहिल्या भुकटीचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. रस्त्यावरून जाणारे डोकावू लागले.

"खिडकी लावून घेऊ का?" तिने विचारलं.

"राहू दे उघडी," तो म्हणाला. "बघू दे त्यांना. कुणाला जमलंच, तर मला येऊन सांगतील!"